सात नंबरमुळे

माझ्या जिभेला हाड नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आलेय. सांगणाऱ्यांपैकी बरेच जण पुढे माझ्याशी बोलेनासे झाले, तेव्हा त्यांचं म्हणणं खरं असावं. मी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. मी वर्गात पहिली यायचे, आणि पहिल्या येणाऱ्या मुलीचं तोंड लोक चालवून घेतात. तीच सवय घेऊन मी नोकरीला लागले.

ऑफिस खांदा कॉलनीत होतं, एका औषधाच्या दुकानाच्या वर, दोन फ्लॅट जोडून केलेलं. दोन हजार आठ-नऊचे दिवस. न्हावा शेवाला मोठी जहाजं यायची तर खाडीतला गाळ सतत उपसावा लागतो, आणि उपसणाऱ्यांना आधी कळायला हवं असतं की पुढचा गाळ कुठे बसणार. हे भरती-ओहोटीचं गणित कॉम्प्युटरवर सोडवायचं, हा आमचा धंदा. पनवेलच्या खाडीपासून उरणच्या किनाऱ्यापर्यंतचं पाणी आम्ही बारीक बारीक चौकोनांत कापलं होतं. दर काही सेकंदांनी प्रत्येक चौकोनात पाणी किती, वेग किती, गाळ किती, हे सगळं पुन्हा मोजायचं. एका मशीनला एका दिवसाच्या अंदाजासाठी चौदा तास लागत. सकाळी आठला पाण्याचे आकडे हातात यायचे आणि दुपारी बारापर्यंत अंदाज द्यायचा होता. चौदा तास आम्हाला परवडणारेच नव्हते.

म्हणून सरांनी आठ मशीन घेतली. सर म्हणजे ऑफिसचे मालक. आठही मशीन एका खोलीत ओळीने मांडली, केबलनी एकमेकांना जोडली, आणि खाडीचा नकाशा आठ सारख्या पट्ट्यांत कापून एकेक पट्टी एकेका मशीनला दिली. पट्ट्या मी कापल्या. भिंतीवर खाडीचा मोठा नकाशा लावून त्यावर फूटपट्टीने लाल रेघा मारल्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला सर तो नकाशा दाखवत, आणि मी शेजारी उभी राहून नम्रपणाचं सोंग करत असे.

आठ मशीन म्हणजे चौदा तासांचे पावणेदोन व्हायला हवेत. अगदीच नाही तर दोन. झाले सहा.

आता पंगतीबद्दल सांगायला हवं. सर जुन्या वळणाचे. दुपारी एकला सगळ्यांनी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर ओळीने बसायचं, डबे उघडायचे, आणि शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कोणी उठायचं नाही, हा त्यांचा नियम. अर्धवट जेवणारा उपाशी उठतो, म्हणायचे. आम्ही सहा-सात जण होतो. माझा पोळी-भाजीचा डबा दहा मिनिटांत आटपायचा, आणि मग मी खरकटा हात वाळवत बसायचे, एका माणसासाठी.

तो माणूस उरणकडचा, कोळ्याच्या घरातला. वय पन्नाशीच्या पुढे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. वीसेक वर्षं त्यांनी सर्वेच्या होडीवर काढली होती, खाडीची खोली मोजत. मग पाठ गेली. डॉक्टरांनी होडी बंद केली. सरांनी त्यांना ऑफिसात घेतलं ते खाडीची माहिती सांगायला. पण ह्या माणसाने एका झेरॉक्स काढलेल्या पुस्तकावरून, एका बोटाने टाइप करत, प्रोग्राम लिहायला शिकून घेतलं. खाजणाचा भाग त्यांनी लिहिला. खाजण म्हणजे खाडीकाठचा चिखल, भरतीला बुडणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा. तिथे पाणी नुसतं वाहत नाही. चढतं, अडतं, डबक्यात राहतं, उलटं फिरतं. काकांच्या कोडमध्ये प्रत्येक चौकोन ओला की कोरडा हे पुन्हा पुन्हा तपासलं जायचं, पाणी जागेवर बसेपर्यंत.

"मॅडम, चिखलाला घाई चालत नाय," ते म्हणायचे. "पाय टाकलात का गेलात."

जेवतानाही घाई नसायची. डब्यात बहुतेक वेळा निवट्या. ह्या त्याच चिखलात राहणाऱ्या बोटभर मासळ्या, काट्यांच्या. ते एकेक काटा काढून झाकणाच्या कडेला ओळीने मांडत. आम्ही बघत बसायचो. त्यांना त्याचा संकोच नव्हता, उलट माझ्या भेंडीकडे बघून म्हणायचे, "तुमचा काय, गवत खायला किती येल लागनार?" सगळे हसायचे. मला दुसऱ्याने केलेला विनोद कधीच आवडला नाही.

प्रोग्राममध्ये दर पावलानंतर, म्हणजे पाण्याच्या प्रत्येक फेरमोजणीनंतर, आठही मशीनना थांबावं लागे. शेजाऱ्याच्या कडेचं पाणी कळल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही, म्हणून सगळ्यांचं होईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. त्या थांबण्याच्या जागेला कोडमध्ये मी 'पंगत' असं नाव दिलं. सरांना ते फार आवडलं. काकांनाही आवडलं. त्यांनी विचारलं, "मंग मी कोन त्या पंगतीत?" आणि स्वतःच हसले.

सहा तास का लागतात हे शोधणं माझं काम होतं. आधी मी केबल बदलल्या. मग सगळ्या केबल जिथे एकत्र येतात तो स्विच बदलायला लावला. मग मशीन तापत असतील म्हणून एसी वाढवला, आणि हिशेबनीस बाई आठवडाभर स्वेटर घालून बसल्या. मग वाटलं, दर पावलाला डिस्कवर लिहिण्यात वेळ जात असेल. ते लिहिणं बंद केलं. दहा मिनिटं वाचली. मग दोनच मशीनवर चालवून पाहिलं: साडेनऊ तास. चारवर: सात. आठवर: सहा. चाराची आठ केली तरी एकच तास वाचतो, म्हणजे दुखणं केबलमध्ये नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तशी मी तीन आठवडे अंगण खणत होते.

शेवटी प्रत्येक मशीनमध्ये दोन घड्याळं घातली. एक, काम किती वेळ केलं. दुसरं, पंगतीत किती वेळ बसलात. सकाळी आठला सुरू केलं आणि दुपारी दोनला कागद छापून घेतला. सात मशीननी सव्वा तासाच्या आत काम केलं होतं आणि उरलेले पावणेपाच-पाच तास नुसती वाट पाहिली होती. सात नंबरच्या मशीनने पूर्ण सहा तास काम केलं होतं. त्याचं थांबणं शून्य.

सात नंबरच्या पट्टीत सगळं खाजण आलं होतं.

तो कागद मी पुढे किती वेळा पाहिला असेल. आठांपैकी एकच मशीन दिवसभर राबलेलं, बाकीची सात हात वाळवत बसलेली. आणि मी म्हटलं काय, तर "सात नंबर आळशी आहे." दुसऱ्या दिवशी जेवताना काका पहिला काटा काढत होते तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, "चला, आपले सात नंबर सुरू झाले." हशा पिकला. काकाही हसले. त्या दिवसापासून त्यांचं नाव सात नंबर. "सात नंबर आले का?" "सात नंबरना विचारा." चहावाला सुद्धा कप ठेवताना विचारायचा, "सात नंबर, साखर कमी?" मला फार मजा वाटायची. नाव ठेवण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

दोन-तीन दिवसांनी ते माझ्या टेबलापाशी आले. हातात तोच कागद. पाठीमुळे ते बसायचे नाहीत, खुर्चीची पाठ धरून उभे राहायचे.

"मॅडम, एक बोलू? तुमी पट्ट्या सारक्या कापल्यात. पन पानी सारका नाय. ज्याच्या पानात काटं जास्ती, त्याला कमी वाढायचा. माझी पट्टी बारीक करा. चिखल चौघांना वाटून द्या, नि खोल पानी बाकीच्यांना. मंग सगली बरोबरच उठतील."

ह्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. ह्या विषयाच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्या काही पानांत हेच सांगितलेलं असतं, आणि ती पुस्तकं माझ्या कपाटात होती. मला त्याच क्षणी पटलं. आणि पटलं म्हणूनच डोक्यात तिडीक गेली. भिंतीवरच्या लाल रेघा माझ्या होत्या. सारख्या पट्ट्याच कापायच्या ह्यासाठी मी सरांशी वाद घातला होता. ते सगळं ह्या एका बोटाने टाइप करणाऱ्या माणसाने जेवणाच्या भाषेत खोडून काढावं?

"काका," मी म्हणाले, "हे प्रोग्रामिंग आहे. बारशाचं जेवण नाही."

आजूबाजूला सगळे ऐकत होते, आणि ते ऐकत आहेत म्हणूनच मी आवाज चढवला होता. काकांनी कागदाची नीट घडी केली.

"नाय, माझ्या डोक्यात आला ते बोललो," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "जरा बगा मॅडम. सर दोनदा इचारून गेले माझ्याजवल. ही खुर्ची गेली तर आमाला दुसरा काय जमनार नाय. होडी तर गेलीच."

म्हणजे त्यांना काय गमवायचं होतं ते मला माहीत होतं. मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं की माहीत नव्हतं. माहीत होतं.

त्याच आठवड्यात गाळ उपसणाऱ्या कंपनीचा फोन आला. महिनाअखेरपर्यंत दुपारी बाराच्या आत अंदाज मिळाला तर ठीक, नाहीतर ते काम दुसरीकडे देणार. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कागद त्यांच्यासमोर होता. त्यांना त्यातलं फारसं कळत नसे. कळतं असं ते दाखवत मात्र असत.

"एवढंच सांग," ते म्हणाले. "कोणामुळे अडलंय?"

कशामुळे नाही. कोणामुळे.

आता मास्तरणीसारखी शब्दाची चूक काढणं सोपं आहे. तेव्हा त्या एका शब्दाने मला वाट मोकळी करून दिली. कशामुळे विचारलं असतं तर पट्ट्यांमुळे म्हणावं लागलं असतं, आणि पट्ट्या कोणी कापल्या हे भिंतीवर टांगलेलं होतं.

"सात नंबरमुळे," मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं. कागदावर सात नंबरसमोर सहा तास छापलेले होते. कोणत्याही कोर्टात मी हे सांगू शकले असते. सरांनी मान हलवली, उसासा टाकला, आणि म्हणाले, "मलाही तेच वाटत होतं. चांगला माणूस आहे, पण हे त्याचं काम नव्हे."

तेव्हा मला कळलं की ते मशीनबद्दल बोलत नाहीत. एक वाक्य पुरलं असतं. "सर, मी मशीन म्हणतेय." चार शब्द. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले. मग सर म्हणाले, "जा तू," आणि मी गेले.

वड्याचं तेल वांग्यावर काढणारी माणसं मी पाहिली होती आणि त्यांना मनापासून तुच्छ मानत होते. आपण त्यांतलेच आहोत हे समजल्यावर स्वतःची किळस येईल असं वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. बाहेर येऊन मी चहा प्यायले आणि तो चहा मला चांगला लागला.

काकांना महिनाअखेरीस जायला सांगितलं. सरांनी त्यांना काय कारण दिलं ते मला ठाऊक नाही. त्यांनी भांडण केलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांसाठी तळलेल्या निवट्या आणल्या, मोठा डबा भरून. बायकोने पहाटे उठून केल्या, म्हणाले. सतरंजीवर ओळीने बसलो. त्यांनी स्वतः वाकून प्रत्येकाच्या डब्यात वाढलं, पाठीला हात लावत. माझ्या डब्यात दोन निवट्या ठेवल्या. "काटं बगून खा," म्हणाले.

मी भेंडी आणि पोळ्या संपवल्या. निवट्यांना हात लावला नाही. मग डब्याला झाकण लावलं आणि उठले.

सर त्या दिवशी बाहेरगावी होते. ऑफिसात असते तर माझी हिंमत झाली नसती. त्या ऑफिसात पंगतीतून मधेच उठलेलं तोवर कोणी नव्हतं. मग हिशेबनीस बाई उठल्या, मग दुसरा, मग तिसरा. मी बेसिनपाशी हात धुताना आरशात बघितलं. एवढ्या लांब सतरंजीवर काका एकटे बसले होते आणि झाकणाच्या कडेला काटा मांडत होते. त्यांचं जेवण अर्धंही झालं नव्हतं.

असं का केलं? त्यांच्यासमोर बसवत नव्हतं हे खरं. पण उठून उभी राहिले तेव्हा एक थंडगार समाधानही वाटलं होतं, आणि तेही खरं. ज्याचं आपण वाईट केलं त्याचा आपल्याला रागही येतो. मला त्यांचा फार राग आला होता.

ते गेल्यानंतरच्या सोमवारी मी पट्ट्या नव्याने कापल्या. खाजण चार मशीनना वाटून दिलं, प्रत्येकी बारीक पट्टी. खोल पाणी उरलेल्या चौघांना, भरपूर. काकांच्या कोडमधली एक ओळही मी बदलली नाही; बदलायची गरजच नव्हती. सकाळी आठला सुरू केलं आणि सव्वादहाला आठही मशीन जवळजवळ बरोबरच उठली.

सर धावत आले. आकडा बघून माझ्या पाठीवर थाप मारली. "बघितलंस? माणूस गेला आणि गाडी पळाली!"

मी हसले. कंपनीला पाठवलेल्या अहवालात मी 'पट्ट्यांची नवी विभागणी' असं एक प्रकरण लिहिलं. त्यावर नाव माझं होतं. भिंतीवरचा नकाशा उतरवून नवा लावला. आता रेघा वाकड्यातिकड्या होत्या आणि सर तोही लोकांना दाखवत.

चार-पाच वर्षं गेली. एक दिवस काका ऑफिसात आले. केस पांढरे, हातात काठी. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले होते. प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन त्यांनी अक्षता देऊन बोलावणं केलं, माझ्याही. आता ते काय करतात, असं कोणीतरी विचारलं. "बसतो," ते म्हणाले. "जाल्या विनतो, दुसऱ्यांच्या." सरांना वेळ नव्हता. ऑफिसतर्फे तू जा, म्हणाले. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही.

हळदीच्या दिवशी दुपारी मी त्यांच्या गावी गेले. मांडवात जमिनीवर दोन लांब पंगती, समोरासमोर. चाळीस-पन्नास माणसं. मला मानाने टोकाला बसवलं. जेवण सुरू झालं आणि काका एका हातात काठी, दुसऱ्या हातात वाटी घेऊन माझ्यापर्यंत चालत आले. वाटीत निवट्यांचं कालवण होतं.

"तुमच्यासाठी वेगला करून घेतला," ते म्हणाले. "त्या दिवशी तुमी खाल्ला नाय."

टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. टोमण्याला मी उत्तर दिलं असतं. त्यांनी वाटी ठेवली आणि काठीवर भार देऊन उभे राहिले. मग विचारलं, "मॅडम, तो सात नंबर कसा हाय आता? पलतो का?"

"पळतो."

त्यांचा चेहरा उजळला. "मंग? पट्टी बारीक केलीत ना?"

एवढंच त्यांना हवं होतं. खुर्ची परत मागायला ते आले नव्हते. चार-पाच वर्षं जाळी विणताना एकच गोष्ट त्यांच्या मनात असणार, की मी बोललो ते बरोबर होतं का. हो म्हणायला माझं काही जाणार नव्हतं. तिथे मला ओळखणारं दुसरं कोणी नव्हतं. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता: मग मला का काढलं?

"नाही," मी म्हणाले. "तुमचा कोड काढून टाकला. मग पळायला लागलं."

"सगला?"

"सगळा."

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मंग खाजनात पानी कसा चढतो आता?"

"चढत नाही. सरासरी धरतो आम्ही."

"बरा," ते म्हणाले. "चालला ना काम, मंग बरा." ते वळले आणि पुढच्या पाहुण्यांची विचारपूस करायला गेले.

मी निवटी उचलली. काट्याची मासळी मला खाता येत नाही. सुरमईचा तुकडा असेल तर जमतं. पण वाटी समोर होती आणि ती पुन्हा तशीच टाकून उठणं मला शक्य नव्हतं. एकेक घास चाचपत, जिभेने काटा शोधत, बोटाने बाहेर काढत बसले. आजूबाजूची पानं रिकामी होत गेली. समोरच्या पंगतीतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. कोणीतरी हात टेकून उठू लागलं.

मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून काकांचा आवाज आला. होडीवर लागायचा तसला, मोठा.

"बसा रे! मॅडम जेवतात अजून. कोनी उठायचा नाय."

उठणारा माणूस खाली बसला. चाळीस-पन्नास माणसं खरकटे हात वाळवत बसली, आणि मी मान खाली घालून काटे काढत राहिले. वाटीत अजून तीन निवट्या होत्या.